तिसऱ्या दिवसाचे रक्त

“कितवा दिस?” रुग्णाचे नाव विचारण्याआधी तो हे विचारी आणि उत्तर मिळेपर्यंत सुई उघडीत नसे. पलूसमध्ये ज्यांनी तापात रक्त दिले असेल, त्यांना प्रयोगशाळेतला हा माणूस आठवेल. मला तो कधी आवडला नाही. आजही आवडत नाही.

डेंग्यूची प्रतिपिंडे रक्तात दिसायला चार-पाच दिवस लागतात, हे डॉक्टर म्हणून मलाही ठाऊक होते. पण तापाच्या दुसऱ्याच दिवशी माझा रुग्ण त्याच्याकडे पोचला, की तो भरल्या रांगेत म्हणे, “तुमच्या डॉक्टरास्नी दिस मोजाय शिकवा.” रुग्ण हा निरोप माझ्या दवाखान्यात इमानाने पोचवीत.

एका बुधवारी पत्नीला घेऊन मीच गेलो. शनिवारी पुतणीचे लग्न होते आणि ताप किरकोळ असल्याची माझी खात्री होती. सुरुवातीच्या दिवसांत चालणाऱ्या तपासणीचे किट संपले होते. त्याने दिवस विचारला. पत्नी दूर बाकावर डोळे मिटून बसली होती.

“सहावा,” मी म्हणालो. त्याच्या दारातून मला परत फिरायचे नव्हते.

अहवालात डेंग्यू नव्हता. तळाशी त्याने हाताने लिहिले होते : ‘सांगितलेला दिवस खरा असल्यास.’ तेवढी पट्टी मी फाडली आणि उरलेल्या कागदावर स्वतःच विश्वास ठेवला.

शनिवारी ती अंथरुणातून उठेना. माझ्या कंपाउंडरकडून कळताच तो न बोलावता घरी आला.

“वैनी, ताप कवापासनं?”

“सोमवारपासून.”

त्याने बोटे मोजली. “म्हंजे त्या दिशी तिसरा. डॉक्टर, तुमी सहावा सांगितला.”

हे ओसरीवर सांगता आले असते. तो तिच्या उशाशी बोलला.

या वेळी अहवालात डेंग्यू होता. सांगलीला नेताना गाडीत तिने एकच विचारले, “तिसरा आहे हे तुम्हांला माहीत होतं?” मी हो म्हणालो. आठ दिवसांनी ती बरी होऊन परत आली.

पुढे अंग जरा कसकसले, तरी ती त्यालाच फोन करी. तो येई, रक्त घेई, स्वयंपाकघरात चहा पिई आणि माझ्याकडे न पाहता जाई.

दोन वर्षांपूर्वी तो हृदयविकाराने गेला. मी स्मशानात गेलो, मागे उभा राहिलो.

परवा चहाचा कप घेताना पत्नीचा हात माझ्या हाताला लागला. कढत होता.

“आत्ताच गॅसपाशी होते ना,” ती म्हणाली.

चहा मोलकरणीने केला होता.