कुशाबाबुवा आणि कापूस न मिळालेली चिमणी

घोडपदेवच्या चाळीत कुशाबा भजनी मंडळाचा बुवा. बुवापण बापाकडून आलेलं, तेव्हा त्यातलं काही हलवायचं नाही हा त्याचा हट्ट. वार गुरुवारच, खोली आपलीच, चाली बापाच्याच. पेटीवाल्या भिवानं एकदा सिनेमातली हरकत घेतली, तर बुवानं त्याला महिनाभर नुसते टाळ कुटायला लावलं.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि मंडळाचे गडी गिरणीतून परस्पर सभांना जाऊ लागले. गुरुवारी खोलीत उरले दोघंच, बुवा आणि पखवाजवाला दत्ताराम.

"पुढच्या गुरुवारी मी पण लालबागच्या सभेत," दत्ताराम म्हणाला. "तू टाळ घेऊन चल, बुवा. तिथं गाणारे हवेत."

"टाळ देवाचे. मैदानात वाजायचे नाहीत."

"मग तू आणि देव, बसा दोघं."

दत्ताराम गेला. बुवा तोंड पाडून भिंतीकडं बघत बसला. देवाच्या तसबिरीमागं चिमणी घरटं बांधत होती. गडी कामावरून आले की त्यांच्या कपड्यांवरचा गिरणीचा कापूस गॅलरीत झडायचा. दरवर्षी तोच ती घरट्यात घालायची. यंदा तो कापूस सगळा मैदानात झडत होता. तर चिमणीबाईनं मोर्चातल्या पताकांचे फाटके कागद आणून घरटं भरलेलं.

"बघा," बायको अंबिका तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "कापूस नाय तर कागद. तिना काय कोणाची वाट बघूक नाय."

"तां पाखरू. तेका काय मंडळ सांभाळूचा आसा?"

"मंडळ तुमच्याकडे तरी खय रवला?"

त्या रात्री बुवा जेवला नाही. अंबिकेनं ते मनावर घेतलं नाही.

पुढच्या गुरुवारी लालबागच्या सभेत बुवा उभा राहिला. चाल जुनी, शब्द नवे. शब्द दत्तारामचे, त्यामुळे यमक कुठंच जुळेना. गळा मात्र खणखणीत लागला. शेवटी सवय आडवी आली. संयुक्त महाराष्ट्राची घोषणा द्यायच्या जागी बुवा गरजला, "पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!"

मैदानातली डोकी एकमेकांकडं वळली. मग हजारो गळे एकदम, "झालाच पाहिजे!"

बुवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती आरोळी कुणाची हे मंडळाच्या गड्यांनी ओळखलं, आणि गर्दीतून एकेक जण पुढं सरकू लागला. पहिला आला भिवा.

"दे बुवा टाळ. कुटतो."

बुवानं खांद्यावरची पिशवी उघडली. मंडळाच्या झाडून सगळ्या जोड्या आत होत्या.

"आता दर गुरुवारी हयसरच बसूचा," तो म्हणाला. "पण चाली बापाच्योच."