फोटोतली वई

आमच्या शेजारची बाग विकली गेली, तेव्हा नव्या मालकाने आधी गंगूआत्याची वई उपटली. आत्या ती बाग राखायची आणि छाटलेल्या फांद्या एकमेकींत गुंफून दरवर्षी हे कुंपण विणायची. ‘गावंढळ दिसतं,’ म्हणत त्याने तिथे पत्रे ठोकले. काल तोच मोबाइलवर फोटो घेऊन तिच्या दारात उभा. पाहुण्यांना म्हणे अशीच वई आवडते. मला त्याचा तिटकारा आला. परक्याने वाखाणल्याशिवाय यांना स्वतःच्या अंगणातलंही काही दिसत नाही. आत्याने फोटो निरखून पाहिला.

‘‘विणून देईन की,’’ ती म्हणाली, ‘‘पण फांद्या कुठल्या आणू? झाडं तर तुम्ही सगळी तोडलीत.’’

त्याने मोबाइल खिशात घातला.