शिळ्या पोळ्या आणि एक गाढवीण

आमच्या घरी पोळी टाकत नाहीत. माझ्या हातून रोज दोन तरी उरतातच, आणि दुबईशेजारच्या अजमानमध्ये आमच्या फ्लॅटखाली घालायला गाय नाही. म्हणून आठवडाभर त्या फ्रीझरमध्ये साठायच्या आणि शनिवारी आम्ही त्या रास अल खैमाच्या डोंगरांत नेऊन गाढवांना घालायचो. नवरा याला माझं देवदर्शन म्हणायचा.

ही गाढवं एके काळी पाळीव होती. डोंगरातल्या वस्त्यांना पाणी वाहायची. पिकअप आल्यावर मालकांनी ती सोडून दिली आणि त्यांची नातवंडं-पतवंडं रानटी झाली. त्या रखरखाटात ती काय खाऊन जगत असतील, याची मला उगाच चिंता. त्यातल्या एका फाटक्या कानाच्या गाढविणीवर माझा जीव होता. थंडी सुरू होताना तिला शिंगरू झालं, तेव्हा मी पोळ्या तूप लावून नेल्या. इथेच वाढलेली माझी मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, डोन्ट. दे आर वाइल्ड."

"बाळंतीण आहे गं ती," मी म्हटलं.

मार्चअखेरीस शेळ्या राखणारा एक म्हातारा बलुची आमच्या गाडीपाशी आला. "बाजी, रोटी मत दो," म्हणाला (बाजी म्हणजे ताई) आणि आम्हाला वादीत घेऊन गेला. वादी म्हणजे कोरडं नदीपात्र. तिथे गुडघाभर खोल खड्डा होता आणि तळाशी ओंजळभर पाणी. गाढवं ओलीचा वास घेतात, खुरांनी उकरतात. मग त्याच्या शेळ्याही तिथेच पितात. शिंगरं आईमागे फिरून हे शिकतात, असं त्याने सांगितलं. आमची गाढवीण मात्र सगळी थंडी रस्ता सोडून हलली नव्हती.

"गर्मी में आप नहीं आओगे," तो म्हणाला. "बच्चा मर जाएगा."

मला राग आला, कारण तो खरं बोलत होता. जूनपासून आम्ही एसीबाहेर पडत नाही, आणि मग सुट्टीला पुण्याला जातो. मी तिचं बाळंतपण करत बसले आणि तिच्या पोराचं पाणी तोडलं. त्या दिवशी पोळ्या तशाच परत आणल्या. गाढवीण काचेला नाक लावून उभी होती.

"यल्ला, चल, बघू नकोस तिकडे," म्हणत नवऱ्याने गाडी काढली.

एप्रिलभर आम्ही गेलो नाही. फोडणीची पोळी खाऊन घरातले कंटाळले. मेच्या पहिल्या शनिवारी मला राहवलं नाही, रिकाम्या हाताने गेलो. खड्ड्याभोवतीच्या ओल्या रेतीत खुरांचे ठसे होते, आणि त्यांत काही अगदी लहान. म्हाताऱ्याने वर कड्याकडे बोट केलं. कळपात शिंगरू होतं, आता चांगलं उंच झालेलं, दुसऱ्या गाढविणींच्या मागे चाललेलं. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच दगडावर बसले.

"और उसकी माँ?" मी विचारलं.

"नीचे, पेट्रोल पंप के पास," तो म्हणाला. "सफ़ेद गाड़ी दिखती है, तो रोड पे आ जाती है."

आमची गाडी पांढरी आहे. इथल्या निम्म्या गाड्या पांढऱ्याच असतात.