पिल्लांच्या वाट्याचा चीक

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते, कारण सकाळची कामं उरकली आहेत, कुकर उतरला आहे आणि हे एकच काम बाकी आहे — किती वर्षं बाकीच राहिलेलं.

डोंबिवलीत आमच्या सोसायटीत कुणाकडे कार्य निघालं की सामानाची यादी माझ्याकडून करून घेतात. विसरणं, गोंधळणं माझ्या स्वभावात नाही. म्हणजे जे झालं ते विसरून झालं नाही — हे आधीच सांगून ठेवते.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी, लग्न नवं असताना, मी टिटवाळ्याजवळ एका डुकरांच्या फार्मवर नोकरीला होते. घरी सांगितलं होतं, वासरांच्या फार्मवर. सोवळ्याचा स्वयंपाक असलेल्या घरात ‘डुक्कर’ हा शब्द कसा न्यायचा? वासरू म्हटलं की सासूबाई कौतुकाने बघायच्या. खोटं फार सोपं गेलं.

माझी मैत्रीण वसुधा तिथे पिल्लांच्या आतड्यांवर पीएच.डी. करत होती. थोडक्यात सांगते. डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा रोगाशी लढायला त्याच्यापाशी जवळजवळ काहीच नसतं. आईच्या पहिल्या दुधातून, चिकातून मिळेल तेवढंच. ते आतड्यातून जसंच्या तसं रक्तात जातं तेही साधारण पहिल्या दिवसापुरतं. मग ते दार मिटतं. आतड्याची स्वतःची फौज उभी राहायला पुढे कित्येक आठवडे लागतात. वसुधाचा प्रश्न असा — आई मेलेल्या पिल्लांना गाईचा चीक पाजला, तर ती तोवर तग धरतील?

आंबिवलीच्या गोठ्यातून चीक आणायचा आणि पिल्लांना पाजायचा, हे काम माझं.

आणि नेमकी तेव्हाच नणंद बाळंतपणाला माहेरी आली. तिला खरवस खावासा वाटू लागला.

“अगं, रोज वासरांत असतेस ना?” सासूबाई म्हणाल्या. “सगळा चीक तीच पितात की काय? घरच्या पोटुशीला वाटीभर नको?”

“वहिनी, डोहाळे अपुरे राहून भाच्याचे कान फुटले तर तुमच्या नावावर हं!” नणंद हसली.

मिळाला नाही, एवढं म्हणता आलं नसतं का? आलं असतं. पण वासरांत राहून चीक मिळत नाही, हे पटवायचं कसं? एक खोटं दुसऱ्याला हात धरून आणतं — नाही, हेही कारण पुढे करणं झालं. सरळ सांगते.

एका पहाटे फार्मवरची एक मादी विऊन मेली. त्याच सकाळी गोठ्यातली गाय व्यायलेली होती. मी किटलीभर चीक घेतला, आणि दुसऱ्या भांड्यात साधं दूध. वसुधा कॉलेजात होती. पिल्लांना मी साधं दूध पाजलं. चीक संध्याकाळी घरी आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठ्यात गेले, पुढच्या धारेचा चीक आणला आणि पिल्लांना अगदी नीट पाजला. दार मिटल्यावर. मला ठाऊक नव्हतं? आत्ता तुम्हाला मीच तर समजावलं.

सासूबाईंनी वेलची घालून खरवस केला. वड्या सुरेख पडल्या. मीही एक मागून घेतली.

पिल्लांना हगवण लागली. बहुतेक सगळी गेली. वसुधा पिल्लांच्या कप्प्यापाशी उकिडवी बसून होती. “पहिल्या दिवशीच पाजलास ना गं?” तिने विचारलं — संशयाने नव्हे, नुसतं मनात उजळणी करावी तसं.

“हो,” मी म्हणाले.

“मग माझंच काहीतरी चुकलं.”

तिने प्रबंधातला तो भाग सोडून दिला. गाईच्या चिकाने काही होत नाही असं धरून फार्मवाल्यांनी पोरक्या पिल्लांना तो देणं थांबवलं. त्यानंतर तिथे किती पिल्लं आईवाचून उरली असतील? मी मोजली नाहीत. मोजायला घाबरले.

भाच्याचे कान उत्तम आहेत. यंदा कॉलेजात गेला.

वसुधा आता ठाण्यात असते, दुसऱ्याच कुठल्या नोकरीत. मागच्या नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाच्या रांगेत भेटली. स्वतःच विषय काढून हसली — “काय खूळ होतं गं माझं, गाईच्या चिकाचं!” आणि मीसुद्धा हसले. तिच्याबरोबर. त्या पहिल्या ‘हो’पेक्षा हे हसणं मला जास्त बोचलं.

उद्या ठाण्याला जाते आहे. तिला सांगणार आहे. ती काय म्हणेल याचा अंदाज मी बांधलेला नाही — एरवी मी सगळ्याचा बांधते. पण हे लिहिताना मन हलकं होत गेलं, आणि आज कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली आहे.

तिची कल्पना बरोबर होती की नाही, मला ठाऊक नाही. त्या पिल्लांवरून ते कुणालाच कळणार नव्हतं. त्यांचा चीक आम्ही खाल्ला होता.