मूठभर खडेमीठ

रविवारी जेवण झालं की मकासरे गुरुजी ओसरीवरच्या बाजेवर आडवे होतात. आजही झालेत. पोटावर वही पालथी आहे, चष्मा कपाळावर चढलाय, आणि डोळे मिटतात न मिटतात तोच सकाळचं एक वाक्य पुन्हा कानाशी येतं.

"गुरुजी, माझं नाव खोडलं असेल ना?"

वाक्य सुनीतीचं. वय वर्षं अकरा. गुरुजींच्या रविवारच्या शब्बाथशाळेतली सगळ्यात हुशार पोरगी. आढाव पाळकसाहेबांनी चर्चच्या मंडळीला घालून दिलेले बावीस नियम ती एका दमात म्हणते. सिनेमा नको, परक्या सणाचं ताट नको, हळदीत नाचणं नको. नियम पाळकसाहेबांचे, पण चाल गुरुजींची. मुलांना काही रुक्ष शिकवायचं त्यांच्या जिवावर येतं, म्हणून टाळ्यांचा ठेका धरून त्यांनी ते गोड करून दिले. आता पोरं खेळतानाही तेच म्हणतात.

तर ही सुनीती गुरुवारी शेजारच्या ताईच्या हळदीत नाचली. आणि आज पाळकसाहेब पाऊण तास गरजले, की एक नियम मोडला त्यानं बावीसही मोडले, आणि अशाचं नाव वरच्या यादीत राहत नाही. शाळा सुटताना गुरुजी बिस्किटं वाटू लागले, तेव्हा सुनीतीनं दोन्ही हात काखेत घातले.

काखेतले हात या मंडळीत सगळ्यांना कळतात. प्रभुभोजनाच्या रविवारी येशूच्या आठवणीत भाकरीचं ताट फिरतं, तेव्हा पाळकसाहेबांनी ज्यांना त्यातून 'बंद' केलंय ते तसे बसतात. ताट पुढं जातं.

"पुढच्या रविवारी सांगतो हं," असं गुरुजी तिला म्हणाले, घरी आले, पोटभर जेवले. आता बाजेची सुतळी पाठीला टोचायची थांबलीय.

"हात पुढं करा जरा," राहेलबाई म्हणतात.

राहेलबाई ओहोळ म्हणजे सुनीतीची आजी. दोन वर्षांमागं त्या गेल्या, तेव्हा मूठमाती द्यायला गुरुजी होते. पण आत्ता त्या चुलीपुढं परातीत पीठ मळतायत, गुरुजी समोर पाटावर बसलेत, आणि यात त्यांना काही वावगं वाटत नाही. महिन्याचा पहिला रविवार उद्या आहे. प्रभुभोजनाची भाकर न्यायला ते आलेत, नेहमीसारखे.

"सलाम, राहेलबाई."

"सलाम. हात द्या." त्या त्यांच्या तळहातावर खडेमीठ ठेवतात. "मूठ मिटा. मी म्हणीन तवा टाका. माझा हात कापतो."

"अजून कापतो?"

"मेल्यावर काय लगेच तरणी होते व्हय मी?"

गुरुजी मूठ मिटतात. ही भाकर राहेलबाईंनी जन्मभर केली. त्यातली शेवटची अकरा वर्षं खाल्ली मात्र नाही. शेजारणीनं होळीची पुरणपोळी दिली, ती यांनी खाल्ली, आणि पाळकसाहेबांनी भर उपासनेत नाव घेऊन बंद केलं. भाकर कोण करतं हे पाळकसाहेबांनी कधी विचारलं नाही. गुरुजी मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी पंचांपैकी एक, शनिवारी फडक्यात बांधून तेच आणत. आणि प्रभूच्या मेजासाठी मळलेलं घरी चाखायचं नाही, हा राहेलबाईंच्या सासूपासूनचा रिवाज.

"एक विचारू? मीठ कसं असायचं?"

"ठीक असायचं."

"एका नाताळाला दोनदा पडलं व्हतं. मागनं ध्यानात आलं. कुणी काय बोललं नाय?"

गुरुजींना तो नाताळ चांगला आठवतो. सगळी मंडळी रांजणाशी रांग लावून पाणी प्यायली होती.

"कुणी नाही," ते म्हणतात.

चूल तिथंच आहे, पण आता ती व्यासपीठाच्या जागी आहे. समोर बाकांवर मंडळी बसलीय. सगळे लहान मुलांएवढे, कुणाचे पाय जमिनीला टेकत नाहीत. सगळ्यांचे हात काखेत. पुढच्या बाकावर पाळकसाहेबही तेवढेच, पांढऱ्या झग्याचा पायाशी ढीग पडलेला, आणि हात काखेत.

"यांना कुणी बंद केलं?" गुरुजी हळूच विचारतात.

"त्यांनीच. बावीस मोजता मोजता स्वतःच गावले. सतरावा, रागाचा."

ताट गुरुजींपुढं येतं. भाकरीला वाफ आहे. त्यांना तुकडा घ्यायचाय, पण मुठीत मीठ आहे, आणि मूठ काही केल्या उघडत नाही. ताट पुढं जातं.

"माझ्या सुनीला काय सांगितलं?"

"पुढच्या रविवारी सांगतो म्हणालो."

राहेलबाई तव्यावरची भाकर उलटतात. "मलाबी म्हणला व्हता. पुढच्या महिन्यात पाळकसाहेबांशी बोलतो."

"बोलणार होतो."

"व्हय. तुमचा धीर लई मोठा, गुरुजी. माझंच आयुष्य त्याला अपुरं पडलं."

बाक नाहीत. चिंचेची सावली आहे, जिथं शब्बाथशाळा भरते. सुनीती एकटी बसून टाळ्यांवर नियम म्हणतेय. बावीस झाले की पुन्हा एकपासून. ओठ सुकलेत.

"थांब बाळा," गुरुजी म्हणतात. तिला ऐकू जात नाही. "राहेलबाई, थांबवा हिला."

"चाल तुमची हाय. तुमीच थांबवा."

"काय सांगून थांबवू? नाव आहे की खोडलं, मी कुठं यादी पाहिलीय?"

"मलाबी अजून कुणी यादी दाखवली नाय."

आता मात्र गुरुजी त्यांच्याकडं वळून बघतात. "मग तुमचं तिकडं काय झालं?"

"काय व्हायचंय? मी दाराशीच उभी, हात काखेत घालून. प्रभू म्हणला, बस, जेवलीस का? मी म्हणलं, मी बंद हाय. तर हसला. म्हणला, अगं बाई, इतकी वरसं तुझ्या हातचं खातोय मी. एका नाताळाला तेवढं मीठ जास्त झालं व्हतं."

गुरुजींना हसू येतं आणि डोळेही भरतात. "म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला. मग मला कशाला विचारलंत?"

"तुमी आता तरी खरं बोलता का, ते बघितलं." राहेलबाई हाताचं पीठ झटकतात. "उघडा मूठ."

गुरुजी डोळे उघडतात. चार वाजलेत. आत चहा उकळतोय आणि उजवा हात दुखतोय, मूठ गच्च आवळलेली. एकेक बोट सोडवावं लागतं. तळहातावर तीन खडे आहेत, घामानं ओलसर.

"शुभा, आपल्याकडं खडेमीठ आहे का गं?"

"नाही, मामा," सून आतून म्हणते. "लोणच्याला आणलं होतं, ते संपून वर्ष झालं. का हो?"

गुरुजी बिस्किटांचा पुडा शोधून पिशवीत टाकतात आणि चपला घालतात.

"आता कुठं? चहा झालाय."

"आधी सुनीतीकडं. मग पाळकसाहेबांकडं."

"एवढ्या उन्हात? पुढच्या रविवारी भेटतीलच की सगळे."

गुरुजी एक खडा जिभेवर ठेवतात. चांगला खारट आहे. उरलेले दोन मुठीत धरून ते पायरी उतरतात.