कमळाआत्याच्या हातचा काटा

कल्याणात पारनाक्याकडच्या कोणत्याही बाईला विचारलं असतं, संक्रांतीचा हलवा कुणाच्या घरचा खावा, तर तिनं आधी इकडंतिकडं बघितलं असतं आणि मग सांगितलं असतं, द्वारकावहिनींच्या. इकडंतिकडं बघायचं कारण असं, की द्वारकावहिनींनी जन्मात एका तिळाला काटा आणला असेल तर शपथ! हलवा करायची त्यांची नणंद, कमळाआत्या. ही गोष्ट सगळ्या आळीला ठाऊक होती, आणि सगळी आळी ती ठाऊक नसल्यासारखी वागत होती.

कारण कमळाआत्या विधवा. नवव्या वर्षी लग्न झालं, दहाव्या वर्षी कपाळ मोकळं झालं. पुढे मोठी झाल्यावर न्हाव्यापुढे बसवली, लाल आलवण नेसवलं आणि भावाच्या स्वयंपाकघरात आणून ठेवली. आता गंमत बघा. तिच्या हातचं खायला सगळ्यांना चालायचं, सोवळ्यातली बाई म्हणून उलट जास्तच चालायचं. पण नव्या नवरीच्या पहिल्या संक्रांतीला अंगावर घालायचे हलव्याचे दागिने तिनं केलेत असं म्हटलं, की अडलं! म्हणून दागिने करायचे कमळाआत्यानं आणि ताटात घालून मिरवायचे द्वारकावहिनींनी. आपल्याकडे झाकून ठेवलं की पाप पुण्यात जमा होतं, त्यातलाच प्रकार.

कमळाआत्याला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. तिला हलव्याचंच वेड होतं. पौषात कल्याणला थंडी पडते ती मोजून पंधरा-वीस दिवस, आणि साखरेला काटा येतो तो त्या थंडीतच. ती पहाटे उठून शेगडीवर राख पांघरलेला निखारा ठेवी, वर परात, परातीत मूठभर तीळ. बाजूला दूध घालून मळी काढलेला साखरेचा पाक. पळीच्या टोकानं चार थेंब टाकायचे आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं. ते सुकले की पुन्हा चार थेंब. घाई केली की गोळा होतो, विस्तव वाढला की आलेला काटा विरघळतो, बोट दाबलं की मोडतो. पहिले दोन दिवस तीळ नुसते पांढरे होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी बोटांना टोचायला लागतं. ते टोचणं सुरू झालं की कमळाआत्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. तिच्या बोटांची टोकं भाजून भाजून निबर झाली होती, पण ते पहिलं टोचणं तिला बरोबर कळायचं.

मग ती एक दाणा उचलून खिडकीच्या उजेडात धरायची. खसखशीच्या अर्ध्याएवढा एकेक काटा, पण त्यालाही पैलू, त्यालाही धार. तिचे भाऊ हरिहरपंत मामलेदार कचेरीत कारकून होते, इंग्रजी वाचलेले. त्यांनी एकदा सांगितलं, की याला स्फटिक म्हणतात. मीठ, तुरटी, साखर, सगळ्यांचे कण आपापल्या ठरलेल्या आकाराचेच वाढतात, असं पुस्तकात आहे. कमळाआत्या म्हणाली, पाण्यात तुरटी फिरवताना मी रोज बघते, त्यासाठी पुस्तक कशाला? पण ते तिला आवडलं होतं. कुणी न सांगता, कुणी न बघता एवढासा कण आपला आकार धरतो, याचं तिला फार कौतुक वाटलं.

या हलव्याची पहिली चोर म्हणजे हरिहरपंतांची मुलगी उत्तरा. द्वारकावहिनींना बाळंतपण मानवलं नव्हतं, म्हणून पोर वाढली कमळाआत्याच्या मांडीवर. रांगायला लागल्यापासून परातीत हात. दाणा पूर्ण खायचा नाही, अर्धा दातांनी तोडायचा आणि उरलेला गुपचूप परत टाकायचा, ही तिची खोड. कमळाआत्या तो अर्धा दाणा निवडून काढायची आणि स्वतःच्या तोंडात टाकायची. कधी रागावली नाही. पोटची पोर नसली म्हणून काय झालं, जीव तिच्यातच होता.

उत्तरेचं लग्न अकराव्या वर्षी झालं. सासर ठाण्याला, मासुंद्याच्या तळ्याजवळ. साल अठराशे ब्याऐंशी. लग्नात कमळाआत्या चुलीपाशीच होती. मंगलाष्टकं तिनं भिंतीपलीकडून ऐकली आणि डोळे पुसले. पण पहिली संक्रांत आली तेव्हा तिनं मनाशी एक ठरवलं. वीस वर्षं लोकांच्या मुली सजवल्या आणि एकीलाही सजलेली पाहिली नाही. उत्तरेला मात्र बघायचं. एकदाच, लांबून, पण बघायचं.

त्या वर्षी थंडीही अशी पडली, की जणू तिच्यासाठीच. बारा दिवस ती परातीपुढून हलली नाही. बिंदी, कुड्या, चिंचपेटी, हार, वाक्या, बांगड्या, कंबरपट्टा. असा काटा कल्याणात पुन्हा कुणी पाहिला नाही, असं म्हाताऱ्या बायका नंतर सांगायच्या. भोगीच्या आदल्या दिवशी द्वारकावहिनींनी माप बघायला म्हणून उत्तरेला काळी चंद्रकळा नेसवली आणि सगळे दागिने चढवले. त्या बाईत दहा खोडी असतील, पण त्या दिवशी तिला देव आठवला. ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि म्हणाली, वन्सं, बाहेर कुणी नाही, या आणि डोळे भरून बघा.

कमळाआत्या उठली, दारापर्यंत आली, आणि तिथंच थांबली.

तिला स्वतःची पहिली संक्रांत आठवली. तिच्या गळ्यातल्या हाराची गाठ सुटत होती, ती तिच्या विधवा मावशीनं बांधली होती आणि कौतुकानं तिच्याकडे बघत राहिली होती. आषाढात नवरा गेला. मग लोकांची तोंडं कोण धरणार? मावशीची नजर लागली, झालं! मावशी पुन्हा कधी त्या घरात आली नाही. कमळाआत्याला हे खोटं वाटायचं. पण खोटं वाटणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं. हातांचं तिला भय नव्हतं, हात विस्तवावर भाजून निघाले होते. नजरेचं काय करायचं?

माजघरातून उत्तरेची हाक आली. "आत्या, ये ना. बघ ना मला."

कमळाआत्यानं डोळे घट्ट मिटले. बांगड्या हलल्या की दाणे एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज येतो, तेवढा तिनं ऐकला. मग डोळे न उघडताच म्हणाली, "बघितलं हो बाळा. छान दिसतेस." आणि पाठ फिरवून चुलीकडे गेली. उत्तरा काही कुक्कुलं बाळ नव्हती. तिनं पाहिलं होतं, की आत्याचे डोळे मिटलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी आगगाडीनं तिला ठाण्याला पोचवली. संक्रांत थाटात झाली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तिला माहेरी आणायचं ठरलं होतं. पण चैत्रात ठाण्याला जरीमरीची साथ आली. निरोप आला तेव्हा हरिहरपंत कचेरीतून तसेच निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकटे परत आले. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

ज्येष्ठात उत्तरेच्या सासूबाई पोरीची पेटी घेऊन स्वतः आल्या. द्वारकावहिनींपाशी बसल्या, रडल्या, आणि मग उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांच्या हातात एक लाकडी डबा होता. दागिने संक्रांतीनंतर मोडून वाटून टाकायची रीत, पण पोरीनं कुणाला हात लावू दिला नाही, असं त्या कमळाआत्याला सांगू लागल्या. हलवा आत्याच्या हातचा आहे हेही तिनं त्यांना एकांतात सांगितलं होतं, आणि त्यांनी ते मनात ठेवलं होतं.

"म्हणायची, आत्यानं मला बघितलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "गौरीला जाईन, तिच्यासमोर घालून बसेन, तिनं डोळे उघडल्याशिवाय काढायची नाही. मग मोडा म्हणायची."

त्या गेल्यावर कमळाआत्यानं डबा उघडला. हार हातात घेतला आणि बोटं फिरवली. बाहेरच्या बाजूनं काटा तसाच होता, टोचत होता. आतल्या बाजूनं दाणे गुळगुळीत झाले होते. पोरीच्या गळ्याच्या घामानं काटा तिथं विरघळला होता. म्हणजे एक दिवस नाही, किती तरी वेळा घातला होता तिनं तो. मग बांगडी उचलली. ओळीत एक दाणा अर्धाच होता. दातांनी तोडलेला, आणि पुन्हा नीट दोऱ्यात सरकवलेला.

"माझी नजर पडली नाही तरी गेलीच ना गं तू," कमळाआत्या म्हणाली. "मग मी कशाला डोळे मिटले?"

तो अर्धा दाणा तिनं तोंडात टाकला नाही. डबा जपून ठेवला, पण आषाढाची दमट हवा कुणाला सोडते? श्रावण लागेपर्यंत डब्यात चिकट दोरे आणि काळेपांढरे तीळ उरले.

पुढच्या पौषात शेजारणी दबक्या पावलांनी दागिने सांगायला आल्या तेव्हा कमळाआत्या पहिल्यांदा बाहेर ओसरीवर येऊन बोलली. दागिने करीन, म्हणाली, पण नवरीला सजवून आधी माझ्यासमोर आणायची. मी तिला बघणार. ज्यांना चालणार नाही त्यांनी दुसरीकडून करून घ्यावे. काय गहजब झाला म्हणता! दोन घरं तुटली. द्वारकावहिनी घाबरल्या, पण त्यांनी तिला अडवलं नाही. बाकीच्या आल्या, कुरकुरत का होईना, आल्या. त्यांच्या मुली सुखानं नांदल्या तेव्हा पुढच्या साली कुरकुरही थांबली.

त्यानंतर सतरा वर्षं कल्याणातल्या नव्या नवऱ्या काळी चंद्रकळा नेसून त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. कमळाआत्या प्रत्येकीला वरपासून खालपर्यंत, डोळे न हलवता बघायची आणि एक दाणा तिच्या तोंडात घालायची. कितीजणी बघितल्या त्याला गणती नाही. पण जिला बघायचं होतं, ती तेवढी बघायची राहिलीच.