बिनलेपाची पट्टी

धारवाडहून कारवारला बसने चार-पाच तास लागत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी अक्का दर काही महिन्यांनी हा प्रवास करी. धारवाडच्या सप्तापुरात खोली घेऊन ती रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती. होडीच्या तळाला बार्नॅकल, म्हणजे कवचाचे बारीक प्राणी, सिमेंटसारखे चिकटतात. ते बसूच नयेत म्हणून ती हायड्रोजेलचा लेप तयार करत होती : पाणी धरून ठेवणारा, भिजल्या साबुदाण्यासारखा बुळबुळीत थर.

कारवारच्या धक्क्याखाली तिने धातूच्या सहा पट्ट्या पाण्यात सोडल्या होत्या. पाचांना लेप, सहावी तुलनेसाठी कोरी. लक्ष ठेवायला एक म्हातारा कोळी होता. तीन महिन्यांनी पट्ट्या काढायला मी हुबळीच्या वर्तमानपत्रातून रजा घेऊन सोबत गेलो. शिष्यवृत्तीचे तिचे शेवटचे दोन महिने उरले होते.

सहाही पट्ट्या स्वच्छ निघाल्या.

"अक्का, जिंकलीस," मी म्हणालो.

ती कोरी पट्टी उलटसुलट करून पाहत होती. "मामा, ह्यांना हात लावलात?"

"लावला की," कोळी म्हणाला. "अमावास्या-पौर्णिमेला होडी घासतो, तेव्हा ह्याही नारळाच्या सोडणाने घासल्या. तुम्ही एवढ्या लांबून येणार, बाई. घाण कशी दाखवायची?"

परतताना बसमध्ये मी सुचवलं, "सहावी समुद्रात पडली असं लिही. बाकीच्या पाच आहेतच."

"तुमच्या पेपरात चालतं होय रे असं?"



तिने सगळे निष्कर्ष रद्द केले. शिष्यवृत्ती संपली. हुबळीत विद्यानगरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत तिने पुढच्या हंगामात नव्या पट्ट्या सोडल्या. घासायचं नाही, हे कोळ्याला पटेना. "लोक मला आळशी म्हणतील, बाई," तो म्हणाला. पण त्याने शब्द पाळला.

या वेळी कोऱ्या पट्टीचा धातू दिसत नव्हता, एवढी कवचं बसली होती. लेपाच्या पट्ट्यांवर फक्त हिरवट शेवाळ होतं. कोळ्याने अंगठा फिरवला, तेही निघालं.

"माझ्या होडीला कधी लावता?" त्याने विचारलं.

अक्काला पदवी मिळाली. प्रबंधात पहिल्या वर्षाचंही एक पान आहे : सहाही पट्ट्या रद्द, कारण, घासल्या गेल्या. घरी कोणी प्रबंध पाहायला मागितला, की मी आधी ते पान उघडून देतो.